सालीचा भुगा

नेव्हिल : ते काही नाही, एनिड. नव्या माणसाच्या हातात ड्रिल द्यायचं नाही, आणि झाड मारायच्या औषधाची बाटली तर मुळीच नाही. नगरपालिकेचा तो कागद तूच आम्हाला वाचून दाखवला होतास. दोनदा.

एनिड : बाटलीत औषध नाहीये.

नेव्हिल : मग काय सरबत आहे?

एनिड : पाणी. आपला निळा रंग घातलाय त्यात, नेहमीसारखं दिसावं म्हणून.

नेव्हिल : म्हणजे गेल्या महिन्यात तो बँकवाला, त्याच्या आधी त्या दोघी बहिणी, सगळ्यांनी त्या कापराच्या झाडात नुसतं निळं पाणी ओतलं? आणि मी येडा दर शनिवारी जाऊन त्याची पानं बघतोय, मेलं अजून सुकत का नाही म्हणून!

एनिड : तुला सांगितलं असतं तर त्यांनाही कळलं असतं. तुझ्या पोटात राहतं रे, पण चेहऱ्यावर उमटतं.

नेव्हिल : पण हा खेळ कशासाठी?

एनिड : खेळ नाही. एकेकाचा हात बघतेय.

नेव्हिल : थांब, बसू दे मला या दगडावर. गुडघा आज ऐकत नाही. हं, आता सांग नीट.

एनिड : वरच्या रांगेत पाच घरं आहेत. माझ्या अ‍ॅलेकने लावलेली बँक्सियाची अकरा झाडं मेली, तेव्हा समुद्र दिसायला लागला तो त्या पाच घरांनाच. बरोबर?

नेव्हिल : बरोबर. म्हणून तर नगरपालिकेने त्यांच्या नाकासमोर ती पाटी उभी केली. 'इथली झाडं कुणीतरी विष घालून मारली आहेत.' बसएवढी लांब. मी रोज सकाळी तिच्याकडे बघत चहा पितो. साखर लागत नाही.

एनिड : ती पाटी निघणार कधी? नवी रोपं धरली असं आपण लिहून देऊ तेव्हा. म्हणून मी पाचही घरांत चिठ्ठी टाकली. ज्यांना पाटी नको असेल त्यांनी आमच्या झाडं लावणाऱ्या गटाबरोबर एक सकाळ काम करावं. चार घरं येऊन गेली.

नेव्हिल : आणि तू चौघांच्याही हातात ड्रिल दिलंस.

एनिड : त्यांनी भोकं कशी पाडली, आठवतं?

नेव्हिल : कशी म्हणजे? नवशिके पाडतात तशीच. कमरेच्या उंचीवर, सरळ आत. अर्धं औषध... ते तुझं पाणी, बाहेर वाहून त्यांच्याच बुटांवर.

एनिड : आणि अ‍ॅलेकच्या झाडांतली?

नेव्हिल : ती खाली होती. मुळाच्या अगदी सांध्याशी, पालापाचोळ्याच्या आड. आत उतरती.

एनिड : आणखी?

नेव्हिल : पुट्टीने बुजवलेली. वर सालीचा भुगा चोळलेला. तुझ्या बोटाला लागली म्हणून, नाहीतर डोळ्याला दिसलीच नसती.

एनिड : हे कुणाकुणाला माहीत आहे?

नेव्हिल : तुला आणि मला. नगरपालिकेचा माणूस तपासायला आला तोवर तू सगळी पुट्टी टोकरून काढली होतीस. त्याने नुसती भोकं बघितली. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कुठे ठेवलीस गं ती?

एनिड : अ‍ॅलेकच्या तंबाखूच्या डबीत. देवाच्या पुस्तकाशेजारी.

नेव्हिल : नवऱ्याच्या डबीत, दहा महिने!

एनिड : दहा महिने आणि चार दिवस.

नेव्हिल : आणि रोज सकाळी त्या तिसऱ्या खोडाशी उभी राहून प्रार्थना म्हणतेस. पाऊस असो, वारा असो. बायको मला म्हणते, एनिडकडे बघून शीक जरा.

एनिड : म्हणते मी प्रार्थना. एक ओळ सोडून.

नेव्हिल : कुठली?

एनिड : क्षमेची. 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो', ती. तिथे आले की थांबते, आणि तिच्या पुढची ओळ घेते. देवाला दिसतंच आहे. तो अजून काही बोललेला नाही.

नेव्हिल : एनिड... तो बघ, पाचवा निघाला. पायऱ्या उतरतोय. टोपी नवी, हातमोजे नवे, बूटसुद्धा दुकानातून आत्ता काढल्यासारखे. अगं, हा नसेल गं! दातांचा डॉक्टर तो. ख्रिसमसला आपल्याला सहा कुदळी दिल्या त्याने. चांगल्या पोलादाच्या.

एनिड : अ‍ॅलेकच्या अंत्यविधीलाही आला होता.

नेव्हिल : हो ना! रडला होता बिचारा.

एनिड : म्हणूनच त्याला शेवटी ठेवलं. आता तोंड मिटून घे. केक काप.

लायल : शुभ सकाळ! उशीर झाला नाही ना? आमची जोसलिन म्हणाली, हातमोजे दोन जोड न्या. मी म्हटलं, अगं मी जंगल तोडायला चाललोय की लावायला!

नेव्हिल : या डॉक्टर. फक्त मला बघून 'आ करा' म्हणू नका, एवढीच विनंती.

लायल : सुटलो मी त्यातून, नेव्हिल. आता लोकांनी तोंड मिटून ठेवलं तरच मला बरं वाटतं. आणि डॉक्टर काय! लायल म्हणा. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात ना?

एनिड : मला जरा वेळ लागतो त्याला. बसा डॉक्टर. पहिल्यांदा येणाऱ्याला पहिला तुकडा, अशी आमची रीत आहे. नेव्हिलच्या बायकोच्या हातचा केक आहे. चहात दूध?

लायल : थोडंसं. वा! मनुका काय भिजल्यात! खरं सांगू का, एनिड, मी आधीच यायला हवं होतं. लाज वाटते. तुम्ही या वयात इथे कंबर वाकवता आणि आम्ही वरून काचेतून बघतो.

एनिड : छान दिसत असेल वरून.

लायल : दिसायला लागलं होतं. आता ती पाटी आहे. मी काही तक्रार करत नाही हं. ज्याने ते केलं त्याला शिक्षा व्हायलाच हवी, मी तर म्हणतो तुरुंगात टाका. पण पाटी मात्र आम्हा पाचही घरांच्या डोळ्यांसमोर. जोसलिन म्हणते, आपणच चोर असल्यासारखं वाटतं.

नेव्हिल : पाचांतला एक तर असेलच की.

लायल : कुणास ठाऊक. बाहेरचाही असू शकतो. पोरं-टोरं.

नेव्हिल : पोरं दगड मारतात, डॉक्टर. फांद्या मोडतात. ड्रिल घेऊन गुडघे टेकून बसत नाहीत.

एनिड : नेव्हिल, केक खा. डॉक्टर, घर तुम्ही बांधलंत त्याला किती वर्षं झाली?

लायल : सहा. चौतीस वर्षं मी खिडकी नसलेल्या खोलीत काढली, एनिड. दिवा लोकांच्या तोंडात, आणि माझं डोकं त्या दिव्याखाली. तेव्हाच ठरवलं होतं, म्हातारपणी नुसता समुद्र बघायचा. काचच काच ठेवली घराला. आणि राहायला आलो तर समोर झाडं.

एनिड : ती तुमच्या आधी होती.

लायल : होती, होती. सुंदर होती. मी काही... सुंदरच होती.

एनिड : चहा संपवा. कापराच्या झाडाचं थोडं काम आहे, तिथून सुरुवात करू.

(कापराच्या झाडाशी, दहा मिनिटांनी. लायलच्या हातात ड्रिल आणि निळी बाटली. पाच हातांवर घाणेरीच्या जाळीत एनिड आणि नेव्हिल वाकलेले.)

लायल : करायचं कसं ते दाखवणार नाही?

एनिड : तुमचं आयुष्य ड्रिल धरण्यात गेलं. मी काय दाखवणार?

लायल : हे खरं! हा:! आणि या पेशंटला भूलही द्यायला नको. काय झाड आहे हो! याला मारायचं? वास तर देवळासारखा येतोय.

एनिड : कुणीतरी सावलीसाठी बाहेरून आणून लावलं. पाखरं त्याच्या बिया टाकत जातात. एकाची शंभर होतात आणि त्यांच्याखाली आमचं काही उगवत नाही. त्याचा दोष नाही काही. पण जागा त्याची नाही.

लायल : चला तर मग.

नेव्हिल : एनिड... तो खाली बसला.

एनिड : बघू नकोस त्याच्याकडे. घाणेरी उपट. मुळासकट.

नेव्हिल : पालापाचोळा बाजूला करतोय गं. हाताने, हळूच. का हो डॉक्टर, नवी पँट खराब होईल की! उभ्यानेच पाडा भोकं!

लायल : उभ्याने काय होतंय! हे मुळाशीच करायला हवं. आणि जरा उतरतं, नाहीतर सगळं बाहेर येईल. बघा, थेंब नाही सांडला. एक... दोन... एनिड, अंतर एवढं पुरे ना? वीतभर?

एनिड : तुम्हाला वाटेल तेवढं.

लायल : आणखी दोन या बाजूला. झालं. इथे काही मिळेल का भरायला?

एनिड : काय भरायला?

लायल : म्हणजे भोकं बुजवायला. काहीही चालेल, ओली माती असली तरी. हां, ही आहे की इथे. चिकटही आहे चांगली. अशी दाबून घ्यायची अंगठ्याने... आणि वरून थोडं... झालं. बघा. कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही इथे काही केलंय म्हणून.

नेव्हिल : अरे देवा.

एनिड : डॉक्टर, तो अंगठा तसाच ठेवा जरा.

लायल : का? काय झालं?

एनिड : त्याला काय लागलंय?

लायल : माती. आणि... साल. सालीचा भुगा. का?

एनिड : तो वरून का चोळलात?

लायल : म्हणजे... नीट दिसावं म्हणून. सवय आहे, बाई! चौतीस वर्षं दातात भोक पाडायचं, भरायचं, वरून सारखं करायचं. भोक उघडं टाकून उठवतच नाही मला.

एनिड : आम्ही उघडीच टाकतो. इतक्या वर्षांत एकही बुजवलं नाही. तण मारतोय आम्ही, लपवायचं कुणापासून?

लायल : मला काय माहीत तुमची पद्धत! तुम्हीच म्हणालात, दाखवत नाही.

एनिड : हो, मीच म्हणाले. नेव्हिल, माझी पिशवी दे. ही डबी बघा, डॉक्टर. अ‍ॅलेकची आहे. उघडा.

लायल : हे काय? खडे?

एनिड : पुट्टी आहे. वाळलेली. अकरा झाडांतली. सदुसष्ट तुकडे आहेत, मी मोजलेत. हा एक उजेडात धरा. खालची बाजू निमुळती, भोकात होती ती. वरच्या बाजूला सालीचा भुगा. आणि भुग्याखाली रेघा दिसतात? पुट्टी वाळली की अंगठा तसाच राहतो तिच्यावर.

लायल : कुणाचाही असेल.

एनिड : असेल. पोलिसांकडे दिला की पाच मिनिटांत कळेल कुणाचा ते. तुम्ही मला सांगितलंत तर तेवढीही लागणार नाहीत.

लायल : नेव्हिल, या बाईंना सांगा काही. हे फार होतंय.

नेव्हिल : मी काय सांगू? माझी दाढसुद्धा कुणी इतकी साफ भरली नाही, डॉक्टर. तेव्हाच म्हणालो होतो मी, ज्याने केलं त्याचा हात चांगला आहे. आता उठू नका तिथून. मी म्हातारा आहे, पण घाणेरीचा कोयता आहे माझ्या हातात.

एनिड : नेव्हिल, कोयता खाली ठेव.

नेव्हिल : अगं पण...

एनिड : ठेव खाली. त्याला काही करायचं नाहीये. डॉक्टर, मी थांबले आहे.

लायल : झाडं होती ती, एनिड! अकरा झाडं. मी काही माणूस मारला नाही.

एनिड : कधी केलंत?

लायल : ...एप्रिलमध्ये. गेल्या वर्षी.

एनिड : अ‍ॅलेक दवाखान्यात होता तेव्हा.

लायल : हो.

एनिड : का तेव्हाच?

लायल : तो रोज सकाळी यायचा ना. प्रत्येक खोडावर हात ठेवायचा, वाकून मुळाशी बघायचा. त्याच्या नजरेतून... तो असता तर त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

नेव्हिल : वाट बघत होता हा! एनिड, अ‍ॅलेक आजारी पडायची वाट बघत होता!

एनिड : ऐकलं मी. आणि तो गेला. तुम्ही अंत्यविधीला आलात. माझा हात धरून रडलात. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. शेजारी असावा तर असा, म्हणाले मी माझ्या बहिणीला. कशासाठी रडलात?

लायल : जाऊ द्या.

एनिड : नाही.

लायल : तुम्ही राख घेऊन खाली आलात. मला वाटलं समुद्रात सोडणार. आणि तुम्ही तिसऱ्या झाडाखाली खड्डा घेतलात. मला माहीत होतं, ते झाड... वरून हिरवं दिसत होतं, पण त्याच्यात काही उरलं नव्हतं. तुम्ही त्याच्या बुंध्याला डोकं टेकलंत. मी काय करणार होतो? काय बोलणार होतो तिथे, सगळ्यांसमोर?

एनिड : मग जूनमध्ये पानं तांबूस व्हायला लागली. तुम्ही वरून बघितलं असेल.

लायल : हो.

एनिड : मला काय वाटलं, सांगू? वाटलं, अ‍ॅलेक दिसत नाही म्हणून झाडं रुसलीत. रोज सकाळी दोन बादल्या पाणी घेऊन मी खाली यायला लागले. वरच्या नळापासून एकशे बारा पायऱ्या आहेत. पडलेसुद्धा एकदा. आठ आठवडे केलं. तेही तुम्ही वरून बघितलं असेल.

लायल : एनिड, नको.

एनिड : नंतर रोपवाटिकेतली मुलगी मला सहज बोलता बोलता म्हणाली, विष झाडात चढतं ते पाण्याबरोबर. जितकं जास्त पाणी, तितकं वरपर्यंत. तुम्ही नुसतं भरलंत, डॉक्टर. शेंड्यापर्यंत चढवलं ते मी. माझ्या हाताने. त्याच्याच झाडांना.

नेव्हिल : एनिड, हे तू मला कधी बोलली नाहीस.

एनिड : बोलून काय करणार होतास?

लायल : मी दंड भरतो. जेवढा असेल तेवढा. जाऊन स्वतः सांगतो नगरपालिकेला, आत्ता. माझं नाव पेपरात येऊ दे.

एनिड : नको.

लायल : नको?

एनिड : दंड तुम्ही सोमवारी भराल. मंगळवारी खुर्ची खिडकीशी ओढून बसाल. गाव महिनाभर बोलेल, मग विसरेल. समुद्र तुम्हाला राहीलच. समुद्र विकत घेतल्यासारखं होईल ते.

लायल : मग काय हवंय तुम्हाला?

एनिड : त्या टोपल्या बघा. तेहेतीस रोपं आहेत. झाडं मरताना त्यांची बोंडं उघडली, बिया मी चादर पसरून गोळा केल्या. त्याच अकरा झाडांची लेकरं आहेत ही. आज ती लावायची. सगळी तुमच्या घरासमोर. आणि सगळी तुम्ही लावायची.

लायल : मी?

एनिड : नेव्हिल खड्ड्याचं माप दाखवेल. आळी करायची, काड्या ठोकायच्या, जाळी गुंडाळायची. आणि उद्या सकाळपासून पाणी. रोज. रविवारीसुद्धा, ख्रिसमसलासुद्धा. दोन-दोन बादल्या, जितक्या खेपा लागतील तितक्या. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत.

लायल : आणि नाही केलं तर?

एनिड : एक रोप जरी वाळलं, एक जरी, तर ही डबी पोलिसांकडे जाईल. तुकडे सदुसष्ट आहेत आणि अंगठा सगळ्यांवर एकच आहे.

लायल : ही धमकी झाली.

एनिड : हो.

लायल : तुम्ही देवभक्त बाई आहात, एनिड.

एनिड : हो. म्हणून रोज तुमच्यासाठी प्रार्थना करत होते. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतं 'तो' म्हणायचे. आजपासून नावानिशी म्हणेन. लायल. बघा, आलं की नाही तोंडात.

लायल : केवढी होतात ही झाडं?

एनिड : तुमच्या गच्चीच्या वर जातात.

लायल : किती वर्षांत?

एनिड : पंधरा.

लायल : म्हणजे तोवर दिसेल. समुद्र.

एनिड : दिसेल की. दर वर्षी थोडा कमी. तुम्ही पाणी घालाल तसतसा.

नेव्हिल : देवा रे.

एनिड : आणि पाटी राहील. रोपं धरली असं लिहून द्यायला माझा हात लागतो, आणि माझा हात फार हळू चालतो. चला, लायल. तुमचीच कुदळ आहे ती, ख्रिसमसची. चांगल्या पोलादाची.

लायल : जोसलिनला काय सांगू मी? रोज सकाळी बादल्या घेऊन कुठे जातो म्हणून?

एनिड : तिला माहीत नाही?

लायल : ती त्या दिवशी बहिणीकडे गेली होती.

एनिड : मग सांगा, समाजसेवा करतो. तेच म्हणत होतात ना मघाशी, आधीच यायला हवं होतं म्हणून?

नेव्हिल : इथे खणा, डॉक्टर. कुंडीच्या दुप्पट रुंद. खोल नको, खोल नको! हे काही अक्कलदाढ काढणं नाही. हं. रोप उलटं करून बुडाशी थोपटा. माती सुटू देऊ नका. आता तेहेतीस वेळा हेच करायचं. मी मोजतो.

एनिड : पहिलं तिसऱ्या खोडाशेजारी लावा. मी तिथेच बसते.

नेव्हिल : लावलं त्याने. बघतेयस ना? आता बादली घेऊन वर निघाला. एकशे बारा. पहिल्या वळणावरच थांबला. तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल आणि धापा टाकतोय... एनिड, एक विचारू? बरं वाटतंय तुला?

एनिड : हो.

नेव्हिल : खरंच?

एनिड : खरंच. इतकं बरं वाटतंय की भीती वाटते. मला वाटलं होतं, सूड घेतला की तोंड कडू होईल. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. नाही झालं. तुझ्या बायकोचा केक अजून आहे का रे?

नेव्हिल : हा घे. मला मात्र तू आज घाबरवलंस. मी कोयता उचलला, तर तू म्हणालीस, खाली ठेव. मी म्हटलं, दया आली बाईला. आणि तुझ्या डोक्यात हे.

एनिड : कोयत्याने एकदाच झालं असतं.

नेव्हिल : आला तो परत. अर्धं पाणी पायऱ्यांवरच सांडलं असेल. अरे, अरे! हे काय करतोय! उंचावरून ओततोय सगळं. मुळं उघडी पडली बघ. रोप कलंडलं.

एनिड : दिसतंय.

नेव्हिल : सांगू त्याला? का नको सांगू? अशाने दोन दिवसांत वाळेल ते. आणि वाळलं की तुझी अट मोडली. मग डबी घे आणि जा सरळ पोलिसांकडे. तुलाही हवंच असेल ते. मी काही बोलत नाही. मी घाणेरी उपटतो.

एनिड : हा केक धर जरा.

नेव्हिल : दुसरी बादली उचलली त्याने. एनिड? अ‍ॅलेकशेजारचं रोप आहे ते. सांगायचं की मरू द्यायचं? तूच ठरव.

एनिड : आज सकाळी मी त्या ओळीपर्यंत आले होते. रोजच्यासारखी.

नेव्हिल : मग?

एनिड : मग काही नाही. ती सोडून पुढे गेले.

नेव्हिल : आणि उद्या?

एनिड : उद्याही पुढेच जाईन. मला हात दे, उठायचंय... लायल! थांबा, असं नाही ओतायचं. माती परत ओढून घ्या मुळांवर. बादली जमिनीला टेकवा. आता दुसऱ्या हाताची ओंजळ करा तिच्या तोंडाशी. हां. ओंजळीतून पडू दे पाणी.